यादीतला पाचवा

सगळी इमारत त्यांना खटपट्या काका म्हणायची; त्यांनी स्वतःच्या फोनलाही तेच नाव देऊन ठेवलं होतं. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून निवृत्त झालेला, आमच्या समोरच्या घरात एकटा राहणारा माणूस. कुणाचं इंटरनेट अडलं की बोलावण्याआधी दारात हजर.

संध्याकाळी प्रार्थनेला बसताना मुलीच्या मोबाइलचं इंटरनेट बंद करायचं, राउटरशी माझं एवढंच काम. पण त्यासाठी ते ठिपक्यांचे लांबलचक आकडे टाकायचे, आणि वर लाल इशारा, की हे पान सुरक्षित नाही.

"काका, हे भलतंच काहीतरी उघडतंय."

"अगं पोरी, पानाला कुलूप आहे. पण सही राउटरने स्वतःच केलीय, म्हणून तुझा टॅबलेट त्याला ओळख देत नाही."

त्यांनी राउटरची ती सही टॅबलेटमध्ये बसवली, आकड्यांऐवजी सोपं नाव लावलं आणि पहिल्याच पडद्यावर एक चित्र आणून ठेवलं. तपासायला स्वतःचा फोनही आमच्या नेटला जोडला. "बोट लाव, पासवर्ड टाक, की आत. परक्या ठिकाणी असा इशारा आला तर मात्र मागे फिर. आणि खालची, नेटला जोडलेल्या फोनांची यादी वाचत जा. घरात कोण शिरलंय ते कळतं."

मंगळवारी सकाळी ते पिशवी घेऊन बहिणीकडे निघाले. दाराला कुलूप.

गुरुवारी दुपारी नेट रखडलं म्हणून मी ते पान उघडलं. यादीत आमची चार नावं आणि पाचवं, खटपट्या.

समोर कुलूप तसंच होतं. पुन्हा पाहिलं तर नाव गायब. मग परत आलं.

ह्यांना दाखवलं. "जुनी नोंद असेल. तुला आता यादीतही दर्शन व्हायला लागलं का?" म्हणाले. तेवढ्यात त्यांच्यादेखत नाव गेलं, थोड्या वेळाने आलं, पुन्हा गेलं.

काकांना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बहिणीला लावला.

"दादा? तो आलाच नाही! कबूल करून आला नाही म्हणून मी रुसून बसलेय."

आमच्या राउटरला दोन भिंतींपलीकडे दम नाही, हे काकांचंच रडगाणं. म्हणजे ते दोन भिंतींच्या आतच कुठेतरी होते. स्वयंपाकघराच्या डोक्यावर पाण्याच्या टाकीची खोली आहे.

"मंगळवारी तिथलं कुलूप नुसतं लटकत होतं, मीच लावलं," किल्ली मागायला गेलो तेव्हा वॉचमन म्हणाला.

"आत पाहिलंत?"

"आत काय बघायचंय वहिनी, टाकीच तर आहे."

टाकी आणि भिंतीच्या फटीत काका पडले होते. अंगावर शिडी, पाय वेडावाकडा, पिशवी पलीकडे. जाता जाता एक जुनी तार सोडवायला चढले होते. फोनच्या काचेचा चुरा झाला होता, बोट लावून काही उपयोग नव्हता. फक्त कडेचं बटण चालत होतं, आणि अंगठा त्याच्यावरच होता.

ह्यांनी शिडी उचलली. मी ओठांना पाणी लावलं.

"मंगळवारपासून फोन चालू-बंद करतोय," ते पुटपुटले. "हाका कुणाला ऐकू जाईनात. म्हटलं, संध्याकाळी तू पान उघडशीलच."

त्या दोन्ही संध्याकाळी मुलीने मोबाइल आपणहून बाजूला ठेवला होता. मी पान उघडलंच नव्हतं. पोरगी शहाणी झाली म्हणून देवाचे आभार मानून उठले होते.