वृषालीबेनचा निळा

कोसाडच्या वस्तीत वृषालीबेनचं घर विचारलं, तर लोक आधी भिंत दाखवतात. समाजमंदिराची ती भिंत बारा वर्षं तीच रंगवते. दर जयंतीला नवं चित्र, आणि त्यात बाबासाहेबांचा निळा कोट. त्या कोटाला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

बाई वर आली ती डोळ्यांच्या जोरावर. एकोणिसाव्या वर्षी साड्यांच्या डिझाइनच्या दुकानात मॅचिंग करायला लागली. म्हणजे एकच फूल सहा साड्यांवर सहा रंगांत बसवायचं. शेठ म्हणायचा, "आ छोकरीनी आंख सोनानी छे." म्हणजे पोरीचे डोळे सोन्याचे! पुढे तिची स्वतःची चित्रं बडोद्या-मुंबईत लागली. वस्तीत कलाकेंद्र निघालं, तेव्हा प्रमुख म्हणून दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

आणि नेमक्या त्याच डोळ्यांनी दगा द्यावा! दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी निळ्या-जांभळ्यातला फरक जाईल." कुणाला म्हणून बोलली नाही, सख्ख्या आईलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! रंगांच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कुणी "मॅडम, हा शेड बघा ना" म्हटलं की आधी चोरून चिठ्ठी वाचायची. जिला रंग कळत नाहीत तिला प्रमुख कोण ठेवील? तिची चित्रं तरी कोण बघील?

यंदा जयंतीच्या आदल्या सकाळी केंद्रातल्या पोरी डबे घेऊन भिंतीपाशी आल्या. गुणाच्या पोरींनी डबे घासून लख्ख केले होते. चिठ्ठ्या पार धुऊन गेलेल्या.

"मॅडम, सरप्राइज!"

दोन डबे तिला अगदी एकसारखे दिसत होते. एक कोटाचा निळा, दुसरा चित्राभोवतीच्या झालरीचा जांभळा. विचारावं, तर सगळं संपलं. न विचारता चुकलं, तर उद्या हजार माणसं हार घेऊन येणार आणि बाबासाहेबांचा कोट जांभळा! वस्ती तोंडात शेण घालील. तिनं एका डब्यात ब्रश बुडवला.

तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं. तिची आई, चंद्रभागाबाई. उभा जन्म साड्यांचे धागे कापण्यात गेलेली बाई.

"जांभळा आहे तो, वृषा," ती हळूच म्हणाली.

वृषालीनं ब्रश खाली घेतला. "माय, तुला कसं..."

"दोन वर्षं झाली, माझ्या जांभळ्या साडीला निळी म्हणतेस. मी म्हटलं, म्हणू दे. आपणहून सांगशील."

"केंद्र जाईल गं माझं."

"जाईल तर जाईल. पण तो कोट जांभळा झाला, तर उद्या या भिंतीकडे बघवेल तुला?"

वृषालीनं ब्रश पाण्यात खळबळून धुतला आणि पोरींकडे वळली.

"यातला निळा कोणता, दाखवा बघू."

पोरी खिदळल्या. मॅडम परीक्षा घेतात, हे काय कळत नाही होय! सगळ्यांची बोटं एकाच डब्यावर गेली.

"परीक्षा नाही गं," ती म्हणाली. "मला खरंच दिसत नाही."