आण्णांच्या सहा चड्ड्या

आमचे आण्णा गेले तेव्हा त्यांच्या सहा चड्ड्या शिंप्याकडे शिवायला पडल्या होत्या. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. कावळ्याला होती.

आण्णांची चड्डी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची, गुडघ्यापर्यंत येणारी, ढगळ, नाडीची आणि उजव्या अंगाला खिसा असलेली. पट्टे निळे किंवा हिरवे. तिसरा रंग त्यांना छचोर वाटायचा. श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी बॉयलरवर गेली. तिथल्या उकाड्यात जी चड्डी साथ देते तीच खरी, असं त्यांचं ठाम मत झालं आणि रिटायर झाल्यावरही ते बदललं नाही. माझ्या थोरल्या भावाने (तो चाकणला कंपनीत आहे) एका दिवाळीला त्यांच्यासाठी खोक्यातल्या भारी इलास्टिकच्या चड्ड्या आणल्या. आण्णांनी खोक्याचं कौतुक केलं, त्यात भेंडीचं बी ठेवलं, आणि त्या चड्ड्यांनी पुढे कित्येक वर्षं मोटरसायकल पुसली. भाऊ नाराज झाला तेव्हा म्हणाले, "बॉयलरपुढं एक पाळी उभा ऱ्हा. मंग सांग मला इलास्टिकचं कौतुक."

त्यांच्याशी या विषयावर बरोबरीने भांडणारा एकच माणूस होता, त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या. तात्या तरुणपणी तालमीत जायचे. कुस्ती सुटली, गुडघे गेले, पण लंगोट राहिला. चड्डीने माणूस ढिला पडतो, असं तात्यांचं म्हणणं. लंगोट म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःला केलेली अटक, असं आण्णांचं. हा वाद त्यांनी माझ्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या सासऱ्यांना मध्ये बसवून केला होता. सासरे बिचारे दोन्हीकडे मान डोलवत राहिले. ते स्वतः काय घालतात हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझं मत कुणी विचारलं नाही. मी नगरला सरकारी ऑफिसात कारकून आहे. दुकानदार जे देईल ते घालतो.

आण्णा सकाळी चहा पिता पिता गेले. कप हातातून सांडलासुद्धा नाही. आईने जाऊन कप घेतला तेव्हा तिला कळलं. त्यानंतरचे दिवस मी मंडप, भांडी, पाहुण्यांच्या गाड्या आणि पाण्याचा टँकर यांत काढले. लोक म्हणायचे, सुनील खंबीर आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दहावा नदीवर होता. आमच्या भागात दहावा म्हणजे निम्मी सभाच असते. मंडप, माईक, प्रवचन, आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. तालुक्यातले दोन पुढारी आले होते. त्यांना आणखी दोन दहावे गाठायचे होते, म्हणून ते घाईत होते. पहिल्याने आण्णांना प्रगतिशील बागायतदार केलं (आमची अडीच एकर, तीही मुरमाड). दुसऱ्याने तर गडबडीत तात्यांचंच नाव घेतलं आणि त्यांच्या जाण्याने कुस्तीक्षेत्रात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली असं सांगितलं. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी हात जोडून ते ऐकून घेतलं. काय करणार.

मग पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो.

समोरच्या बाभळीवर कावळे होते. चांगले आठ-दहा असतील. एकही खाली येईना. भाऊ पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला की आईला अंतर देणार नाही. कावळे बसून. मी म्हणालो की दोघं भाऊ भांडणार नाही. एका कावळ्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दुसरीकडे वळवली. शेजारच्या रानाच्या बांधाचा वाद मिटवू, घराला रंग देऊ, त्यांची मोटरसायकल विकणार नाही, असं एकेक झालं. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांच्या आवडीची शेवकुरडई आणि भजीही पिंडाशेजारी ठेवली. ऊन चढलं. पुढारी घड्याळाकडे बघायला लागले. बायकांच्या घोळक्यात आई पदराचं टोक धरून एकटक त्या बाभळीकडे पाहत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

गुरुजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववतो, शास्त्रात सोय आहे. आईने तिथूनच नाही म्हणून हात हलवला.

तेवढ्यात मागून गर्दीतून वाट काढत गफूरचाचा आले. गफूरचाचा म्हणजे आमच्या पेठेतले जुने शिंपी. आण्णांचे सगळे कपडे तेच शिवायचे. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सुनीलभाऊ, आता सांगावं का न्हाई कळंना. आण्णांनी सहा चड्ड्या टाकल्यात शिवायला. पट्ट्याचं कापड आता येत न्हाई, म्हणून ताग्यातलं उरलं तेवढं समदं घेतलं हुतं त्यांनी. शिवून तयार हायत."

ते कानात बोलले, पण गफूरचाचांना स्वतःला कमी ऐकू येतं. आणि मी माईकच्या जवळ उभा होतो. सगळ्या नदीकाठाला कळलं.

मंडपातल्या माना आमच्याकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं की तेच असणार, जीव त्यातच अडकलाय. हे पटायला कुणालाच वेळ लागला नाही. आईने तर डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला सांगितलं की आदल्या संध्याकाळीच म्हणत होते, उद्या गफूरकडं जाऊन यायला पाहिजे.

आता प्रश्न असा की चड्ड्या घालणार कोण. भावाने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, कंपनीत युनिफॉर्म टाइट असतो. लोकांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मी घातली असती. पण आण्ण्याला वाटंल, मी हारलो. आन् मंग त्यो भांडायचा कुनाशी?"

यावर कुणी हसलं नाही.

राहिलो मी. कोणीतरी (अजून शोधतोय कोण) माईक माझ्या तोंडापुढे धरला. दोन पुढारी, एक प्रवचनकार, माझे सासरे आणि निम्मा गाव यांच्यासमोर मी नदीकडे तोंड करून म्हणालो, "आण्णा, तुमच्या सहाही चड्ड्या मी घालीन."

कर्ण्यातून ते पलीकडच्या काठावर गेलं आणि तिथून परत आलं. आणि बाभळीवरून एक कावळा उठला, सरळ खाली आला, भज्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पिंडाला शिवला.

आई तेव्हा पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. ते बघून मला बरं वाटलं. पुढारी उठले. जाता जाता त्यातल्या एकाने माझा हात हातात घेऊन सांगितलं की असा मुलगा भाग्याने मिळतो. दुसरा नुसता हसला.

संध्याकाळी गफूरचाचांनी गठ्ठा घरी आणून दिला. चार निळ्या, दोन हिरव्या. शिलाई घ्यायला ते तयार होईनात. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी एक हिरवी उचलली, उलटसुलट केली, खिशात हात घालून बघितला. निघताना ती त्यांच्या काखेत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाले की शिवण बघायची आहे जरा, देईन आणून. त्यांनी अजून आणून दिलेली नाही आणि मी मागितलेली नाही.

रजा संपून मी नगरला परत आलो आणि शब्द पाळायला सुरुवात केली. ती चड्डी आजच्या पँटीखाली घालायचा प्रयोग कुणी करू नये. पँटीच्या आत आणखी एक पँट मावत नाही. कापड मांडीशी गोळा होतं, खिसा कुठेतरी मागे सरकतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आडून आडून विचारलं की दुःखात काहींचं वजन वाढतं, तसं काही आहे का. बायको म्हणाली, एवढंच असेल तर घरी घाला, आण्णा काय ऑफिसात बघायला येणार आहेत. पण मी माईकवर बोललो होतो.

मग एका दुपारी तो प्रसंग घडला. मोठ्या साहेबांची मीटिंग सुरू व्हायची होती. मी घाईघाईने बाथरूमला गेलो, आणि नाडी सुटेना. सकाळी मी निरगाठ मारली होती. जितकी ओढावी तितकी ती घट्ट होत होती. नखं लावली. किल्ली घालून बघितली. घाम फुटला. बाहेर मीटिंगसाठी माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला.

आणि तिथे, त्या फिनेलच्या वासात, मला आण्णा आठवले. मी पहिलीत असताना शाळेत जाण्याआधी माझी नाडी तेच बांधायचे. रात्रपाळी करून आलेले असायचे, अंगाला मळीचा वास, डोळे लाल. उकिडवे बसायचे आणि बांधता बांधता म्हणायचे, अशी बांधावी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, पोराला शाळेत पंचाईत नको. मला ती गाठ कधीच जमली नाही. आता दाखवायला कुणी नव्हतं.

आणि मी रडायला लागलो. नुसतं डोळ्यात पाणी नव्हे. भिंतीला डोकं टेकून, आवाज काढून, हुंदके देऊन. मसणवटीत नाही, दहाव्याला नाही, आणि इथे.

बाहेर पळापळ झाली. आमचा शिपाई मोरे दारावर थाप मारून विचारायला लागला की काय झालं, चक्कर आली का, दार तोडू का. मी हुंदक्यांतून कसंबसं म्हणालो, "नाडी."

दारावरची थाप थांबली. मग मोरेने अत्यंत मायेने विचारलं, "लई आवळली का, भाऊसाहेब? कात्री देऊ?"

आता त्याला काय सांगणार. मी म्हणालो, "दे."

दाराखालच्या फटीतून कात्री आली. मी गाठ कापली, तोंड धुतलं, आणि एका हाताने पँटीवरूनच चड्डी धरून मीटिंगला गेलो.

आमच्या ऑफिसात आजही नव्या माणसाला सांगतात की हा गृहस्थ वडील गेले तर कोरड्या डोळ्यांनी कामावर हजर झाला, आणि चड्डीची नाडी सुटली नाही म्हणून मात्र संडासात धाय मोकलून रडला. मी खुलासा करत बसत नाही. एक म्हणजे कुणाला पटणार नाही, आणि दुसरं म्हणजे ती खरंच लई आवळली होती.