छोट्या दुर्बिणीत बाबा एकटे नव्हते

हे इथे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस घोळ चालला होता. या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलोय. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "ह्याचं वायरिंग लूज आहे." आज माझ्याबद्दल कोणी तसं म्हणालं तर मला राग येणार नाही.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला त्याच दिवशी देवऋषी, उतारे, गंडेदोरे सगळं घराबाहेर गेलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. घाटातल्या अंधारात रस्त्याच्या कडेला कोणीतरी बाई उभी असते वगैरे गोष्टी कंडक्टर सांगायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "उभी असन त तिकीट काढ तिचं." मी स्वतः आयटीआय केलेला, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि सोबत शेती. घाटंजीहून आर्णीकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. गावाच्या एका अंगाला कापूस, तूर आणि हिवाळ्यात हरभरा... मग नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरायचे हे नेहमीचंच, पण त्या वर्षी वाघही फिरत होता. कापूस वेचायला बाया भल्या सकाळी निघायच्या, आणि कापसाच्या पुढच्या ओळीत काय बसलंय ते कळायचं नाही. म्हणून आमच्या शेतकरी गटाने ठरवलं — एक थर्मल दुर्बीण घ्यायची. अंगातली उष्णता दिसते ती. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात 'मशीनचं कळणारा' मीच.

इंटरनेटवर पाहिलं तर सगळे व्हिडिओ परदेशातले, रात्रीच्या शिकारीचे. हातात धरा, बंदुकीवर बसवा, साध्या दुर्बिणीपुढे जोडा... एकाच यंत्राची दहा कामं. आपल्याकडे शिकार म्हणजे सरळ जेल. आम्हाला बंदूक नको होती, फक्त पाहायचं होतं. तरी त्या 'मल्टिपर्पज' शब्दाची भुरळ मलाही पडलीच. शेवटी यवतमाळच्या एका दुकानदाराने डेमोसाठी सचिन नावाचा माणूस पाठवला, दोन दुर्बिणी देऊन. एक मोठी, सगळ्या करामती करणारी. दुसरी छोटी, नुसती हातात धरून बघायची.

विलासभाऊ, म्हणजे माझा शेतशेजारी आणि गटाचा अध्यक्ष, त्याच्या शेतात स्लॅबची एक खोली आहे. तिच्या छतावर आम्ही तिघं चढलो. दिवस नुकताच मावळला होता. सचिनने आधी कठड्यावर पंजा टेकवला, उचलला आणि मला दुर्बिणीतून बघायला सांगितलं. हात काढला तरी पंजाचा पांढरा ठसा तिथेच! हळूहळू विझत गेला.

"गरम ते पांढरं, थंड ते काळं. बस, एवढंच लक्षात ठेवा सर," सचिन म्हणाला.

मोठीतून मी ससा पाहिला, दूरच्या बांधावर, कान हलवताना. एवढं स्वच्छ चित्र की मन तिथेच खुश झालं. छोटीत तोच ससा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. मी मनातल्या मनात मोठी घेऊनही टाकली होती.

आणि बायकोचा फोन आला.

"बाबा आले का तुमच्याकडं? मी पाणी भरून राह्यली होती, इतक्यात कुठं गेले काय माहीत. खाकी शर्ट नाही खुंटीवर."

बाबांना विसरण्याचा आजार आहे. खाकी शर्ट नाही म्हणजे ते 'ड्यूटी'वर निघाले. नेहमी ते फाट्यावरच्या बसथांब्यावर सापडतात, त्यामुळे मी पहिल्यांदा घाबरलो नाही. पण गावातली पोरं मोटरसायकलने फाट्यावर जाऊन आली, तिथे नव्हते. अंधार पडला होता. थंडी चांगलीच सुटली होती.

विलासभाऊ म्हणाला, "हातात मशीन हाये ना आपल्या. पाह्य चारी बाजूनं."

मी मोठी डोळ्याला लावली आणि सगळं शिवार शांतपणे फिरून पाहिलं. ससा. दोन कुत्री. बस्स. मग विलासभाऊने छोटी लावली, आणि तो नाल्याच्या दिशेला थबकला.

"संजू... तिथं दोघं जणं बसले हाये."

मी त्याच्या हातून घेतली. खरंच. नाल्याच्या अलीकडे, हरभऱ्याच्या कडेला, दोन पांढरे आकार. माणसं बसतात तसे, शेजारी शेजारी. मी लगेच मोठीतून तीच जागा पाहिली. नुसता काळा बांध. झूम केलं... काहीच नाही. परत छोटी — दोघं. सचिननेही पाहिलं. दोन्हीतून.

"सर, ही बेसिक मॉडेल आहे. कधी कधी आधीच्या चित्राची सावली राहते हिच्यात. मोठीवर विश्वास ठेवा."

त्याने छोटी बंद केली, परत चालू केली. टक् आवाज झाला, चित्र थांबलं, पुन्हा आलं. दोघं तिथेच.

तेवढ्यात गावातून फोन — कोणीतरी बाबांना आर्णीकडच्या रस्त्याला एका मोटरसायकलवर मागे बसलेलं पाहिलंय. खाकी शर्टच होता म्हणे.

आता काय करायचं? रस्त्याला जायचं म्हणजे गाडी काढून उलट्या दिशेला. नाल्याला जायचं म्हणजे वाघाच्या तोंडाशी, पायी, एका स्वस्तातल्या यंत्राच्या भरवशावर. डोकं सांगत होतं रस्ता. पोरांना मी फोनवरूनच रस्त्याला पिटाळलं आणि स्वतः छतावरून उतरून नाल्याकडे निघालो. का, ते मला आजही सांगता येत नाही. विलासभाऊ टॉर्च आणि काठी घेऊन सोबत आला. सचिन बिचारा मोठी दुर्बीण छातीशी धरून मागे मागे, एकटं छतावर थांबायची त्याची तयारी नव्हती.

तुरीच्या ओळीतून बाहेर पडलो आणि मी पुन्हा पाहिलं. आता आकार मोठे दिसत होते. एकाची मान खाली झुकलेली, ती बाबांची ढब मी हजारातून ओळखीन. दुसरा त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून. मागून सचिनचा आवाज आला, "सर, दिसले! आता मोठीतही दिसले... पण एकच आहे. एकच माणूस आहे."

मी म्हणालो, "दोन आहेत."

"एकच आहे सर."

विलासभाऊने टॉर्च मारला. उजेडात खाकी शर्ट दिसला. एकटा.

मध्ये एक बांध होता. तो चढायला मी दुर्बीण खाली घेतली, वर जाऊन परत लावली. आता छोटीतही एकच आकार होता. कोणी उठलं नाही, कोणी पळालं नाही... नुसतं दोनाचं एक झालं.

बाबा पुढच्या बांधावर पाय सोडून बसले होते, एका पायात चप्पल नाही. मी खांद्याला हात लावला. त्यांचा उजवा हात बर्फासारखा. डावा हात कोमट. पांघरुणातून काढल्यासारखा कोमट.

"बाबा, तुमी इथं काहून बसले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या बाजूला पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"तू त आत्ता इथंच होता. तिकून कसा काय आला?"

"मी?"

"मंग कोण? तूच म्हणला ना, गाडी लेट हाये बाबा, हालू नका. म्हणून बसलो. नाहीतर नाल्यातल्या वाटंनं कवाचा डेपोत पोचलो असतो."

विलासभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आजार आहे त्यांना, काहीही बोलतात. पण तोवर सचिन आमच्या मागे उभा राहून जमिनीकडे मोठी रोखून होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"सर... इथे बघा."

बाबांच्या डाव्या बाजूला, बांधाच्या मातीवर, पांढरा डाग. माणूस बसून उठल्यावर राहील तेवढा. छोटीत होता आणि मोठीतही होता! ज्या यंत्राला दुसरा माणूस एकदाही दिसला नाही, त्यालाच त्याची बसलेली जागा दिसत होती. मी हात टेकवला. आजूबाजूची माती गारढोण, आणि तेवढीच जागा ऊबदार. नुकतंच कोणीतरी उठून गेलेल्या खाटेसारखी. आम्ही तिघांनी आळीपाळीने हात लावून पाहिला. डाग आमच्यासमोर विझला.

जनावर बसलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण हरभऱ्याला दुपारीच स्प्रिंकलरने पाणी दिलेलं, माती ओली. बाबांच्या एका चपलेचे आणि एका अनवाणी पायाचे ठसे येताना स्वच्छ उमटलेले, आणि मग आमचे. आणखी कशाचेच नाहीत. ना खूर, ना पंजा.

पंजे सकाळी सापडले. वनरक्षक आला होता, त्याला नाल्यातल्या वाटेवर वाघाचे ताजे ठसे दिसले. तिथे बराच वेळ बसला असावा, तो म्हणाला. बाबा ज्या वाटेने 'डेपोत' निघाले होते, तीच ती वाट. बांधाच्या अलीकडे मात्र वाघ आलेला नव्हता. मोटरसायकलवर दिसलेला खाकीवाला वेगळाच कोणीतरी निघाला.

नंतर मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. सचिनने छोटी दुकानात नेऊन लेन्स, सेन्सर सगळं बघितलं, काही बिघाड नाही. मी स्वतः तुरीच्या काड्या, ओली माती, तापलेले दगड यांवर प्रयोग केले. दिवसाचं ऊन एखाद्या दगडात साठून राहतं, हे खरं. पण तिथे दगड नव्हता. आणि मोठीला छतावरून बाबाही का दिसले नाहीत? ससा दिसतो, माणूस दिसत नाही? या प्रसंगाचं रेकॉर्डिंग नाही, छोटीत ती सोयच नव्हती.

गटाची बैठक झाली तेव्हा भांडणच लागलं. एकजण म्हणाला, "जे नाही ते दाखवते, असं यंत्र कायले घेता?" विलासभाऊ म्हणाला, "अन् जे हाये तेच दाखवत नाही, ते घेऊन काय करू? माह्या बायकोले कापसात पाठवायचं हाये मले." शेवटी छोटी घेतली. रोज सकाळी बाया निघायच्या आधी कोणीतरी छतावर जातं. डुकरं दिसतात, रोही दिसतात, एकदा वाघही दिसला. तसं पुन्हा कधीच काही दिसलं नाही. मी पाहताना माणसं मोजतो आणि डोळ्याने पुन्हा मोजतो, ही एक सवय मात्र लागली आहे.

बाबा आता फारसे बाहेर जात नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसतो. माझं नाव त्यांना दर वेळी आठवतंच असं नाही. नातवाला ते कंडक्टर समजतात. पण ती संध्याकाळ त्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. परवा माझ्याकडे बघून म्हणाले,

"त्या दिवशी बांधावर तू किती बोलला माह्यासंग. आता काहून असा गप राहतं?"

मी हिंमत करून विचारलं, "काय बोललो होतो बाबा मी?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही त्यांच्याकडे ज्या काळजीने पाहतो ना, अगदी तसं पाहिलं माझ्याकडे.

"तुले नाही आठवत?"