हिंदुरावांची पाठ

सोजर नर्सिंगला आली तेव्हा तिला सगळ्याचीच भीती वाटायची. सुईची, रक्ताची, फिनेलच्या वासाची, लिफ्टची. ट्यूटर असलेल्या सिस्टर दामले शिकाऊ मुलींना एकच गोष्ट सांगत, "नवा अनुभव घ्या, भीती जाते." ते सांगतानाचा त्यांचा चेहरा असा असे की त्यांना स्वतःला आयुष्यात कधी नवा अनुभव आला असेल यावर विश्वास बसू नये.

पण ते खरं निघत गेलं. संत्र्यात सुई टोचता टोचता सोजर माणसाच्या दंडापर्यंत पोचली. एका मेलेल्या बाईचे डोळे तिने स्वतःच्या बोटांनी मिटले आणि तासाभराने मेसमध्ये बसून आमटीभात खाल्ला. भूक लागली याचंच तिला नंतर वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी पुरुषांचा हाडांचा वॉर्ड लागला. अंघोळी घालणं, शौचाची भांडी देणं, पाठी पुसणं. पहिले काही दिवस ती भिंतीकडे बघत काम करायची, मग भिंत सुटली. आता घाबरायचं काही उरलं नाही, असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि हिंदुराव बैलगाडीवरून पडले.

हडपसरच्या जयसिंगशी सोजरचं लग्न ठरलेलं होतं. वाघोलीला, तिच्या बापाच्या दारात, मांडव घालून सुपारी फुटली होती. जयसिंग कारखान्यात फिटर होता, बरा होता, फारसा बोलत नव्हता. बोलायचे ते त्याचे थोरले चुलते, हिंदुराव. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मान हलवली म्हणून लग्न जुळलं. कालव्याच्या कडेला गाडी उलटली आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा घरच्यांनी वाटेतली दोन हॉस्पिटलं सोडून त्यांना थेट सोजरच्या वॉर्डात आणलं. का, तर "आपली सून तिथं हाय."

सोजर ड्यूटीवर आली आणि चौदा नंबरवर आप्पा दिसले. तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिथे पदर नव्हता, टोपी होती. मग घरच्या वळणाप्रमाणे ती वाकली आणि त्यांच्या पाया पडली. त्यांचा मोडलेला पाय दोरीने ताणून बांधला होता आणि दोरीच्या टोकाला, कॉटखाली, विटा भरलेली पिशवी लोंबत होती. सोजरचं डोकं दोरीला लागलं, पिशवी हेलकावली, आणि आप्पांनी अशी किंकाळी फोडली की चहावाला ट्रे घेऊन दारातच थांबला.

"अहो सोजरबाई," सिस्टर दामले म्हणाल्या, "पाया पडायला पुण्यात देवळं काही कमी नाहीत."

वॉर्ड हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बायकोला, मथुराबाईंना, बजावलं, "हिला सांग, माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई. सून हाय ती."

नेमका चौदा नंबर सोजरला नेमून दिलेला होता. प्रत्येक शिकाऊ मुलीकडे एक रुग्ण, त्याचं सगळं तिनेच करायचं, आणि महिनाअखेरीला त्याची पाठ बघून सिस्टर तिला पास किंवा नापास करणार. निजून राहिलेल्या माणसाची कातडी पाठीवरून फाटते. ती फाटली तर मुलगी नापास. दुसऱ्यांदा नापास झाली तर घरी.

सोजरने कॉट बदलून मागितली. "सिस्टर, ते माझे सासरे लागतात."

"आज सासरे, उद्या शाळेचे मास्तर, परवा गावचे पाटील. ओळखीची माणसं मोडायचीच थांबली तर सांगा, बदलून देईन."

त्रास असा की आप्पा बाकी सगळ्यांना हात लावू देत. सोजरबरोबर शिकणारी केरळची अन्नम्मा त्यांना "अप्पा, तिकडे वळ" म्हणत एकेरीत पालथं करी, आणि ते निमूट होत. सोजर स्पिरिटची बाटली घेऊन आली की चादर गळ्यापर्यंत. एकदा मथुराबाईंना तिने विचारलंही, "काकी, अन्नम्मा चालते, मी का नाही?"

"अगं, ती परकी. तिला काय कळतंय आपलं?" मथुराबाई म्हणाल्या आणि लगेच, "ते असू दे. एक उशी जास्तीची आण की. आणि मुख्य डाक्टरला जरा आपल्या नात्याचं सांगून ठेव."

उशी आणायला सून चालत होती. वेळ नसताना भेटायला सोडायला, चहा गरम करून द्यायला, पाहुण्यांना हॉस्पिटल हिंडून दाखवायला सून चालत होती. सोजर दिवसभर त्यांच्यासाठी पळायची, आणि ज्या कामासाठी ती तिथे होती तेवढंच राहायचं. अन्नम्माला स्वतःचा रुग्ण होता. ती कधी यायची, कधी नाही. चौदा नंबरची पाठ सोजरने बघितलीच नव्हती. तिच्या हातून नाही, तर कुणाच्याही हातून, ती नीट पुसली जात नव्हती. हे सोजरला कळत होतं आणि तरी ट्रॉली त्या कॉटपाशी आली की ती पुढच्या कॉटकडे वळायची. माणसाच्या शरीराची भीती केव्हाच गेली होती. ही दुसरीच होती. त्या घरात आयुष्य काढायचं आहे, आणि ते डोळे रोज समोर असणार आहेत, याची.

एका रविवारी नगर रस्त्यावरच्या अपघाताची माणसं आली आणि सगळा वॉर्ड तिकडे धावला. अन्नम्मा चर्चला गेली होती. आप्पांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. ते मुठी आवळून वर बघत राहिले. काय झालंय ते सोजरला कळलं. तिने भांडं आणलं, पडदा ओढला.

"आप्पा, वरची दांडी धरा आणि कंबर उचला."

"मथुरे, हिला घालव."

मथुराबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरी, जा बाई. कुणी वॉर्डबॉय मामा असंल तर बघ."

"मामा स्ट्रेचर ओढतायत, काकी. कुणी नाही."

"मग मी कळ धरतो," आप्पा दात खाऊन म्हणाले.

आणि सोजरच्या आत काहीतरी उतू गेलं. "किती वेळ धरणार आप्पा? मी तुमची सून का नर्स, ते एकदा ठरवा तरी. तोवर चादर खराब होईल आणि तीही मीच बदलणार आहे. उचला कंबर!"

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दांडी धरली.

तिने सगळं केलं. भांडं दिलं, काढलं, पुसलं, चादर सारखी केली. फार वैतागलेली होती ती, घाबरायला सवड नव्हती. पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. ती थांबली, पण आप्पांनी कंबर टेकवली आणि तोंडावर चादर घेतली.

दुसऱ्या दिवशी जयसिंग आला. पाण्याच्या पिंपापाशी उभा राहून पेला विसळत राहिला.

"आप्पा म्हणतात, जिनं आपल्याला तसं बघितलं ती घरात नको. रोज तोंड कसं दाखवायचं म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मोठी माणसं."

"तुमच्याच माणसांनी त्यांना इथं आणलं, जयसिंगराव."

"ते हाय," तो म्हणाला. पाणी न पिताच त्याने पेला ठेवला.

वाघोलीहून बाप आला, त्याने आधी सोयऱ्यांना शिव्या दिल्या आणि मग तिलाच म्हणाला, "बास झालं हे शिक्षण, चल घरी." सोजर म्हणाली, "लग्नही गेलं आणि हेही सोडू? मी काय केलंय, दादा?" कॅन्टीनमध्ये चहा पिऊन तो एसटीने परत गेला.

त्या दुपारी सोजर ट्रॉली घेऊन चौदा नंबरवर गेली. पडदा ओढला. मथुराबाई उठून बाहेर गेल्या.

"तुझं नि आमचं आता काय नातं न्हाई," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे. दांडी धरा."

त्यांनी धरली. निमूट एका अंगावर झाले. चट्ट्याच्या मध्ये कातडी फाटली होती, नखाएवढी. सोजरला फार राग आला. सगळ्यांचाच राग, स्वतःचाही. मग तिने कापूस घेतला.

"लई हाय का गं?" आप्पांनी विचारलं. आवाज वेगळा होता.

"आहे. फार नाही. पण रोज बघावं लागेल, दिवसातून चार वेळा कूस बदलावी लागेल."

"तू येशील न्हवं?"

"मी नापास. कातडी फाटली ना. सोमवारपासून सिस्टर मला बायकांच्या वॉर्डात टाकतील. महिना परत करायचा."

तिच्या बोटांखाली त्यांची पाठ ताठ झाली होती.

"मग ही कुणी बघायची?"

"जी येईल ती," सोजर म्हणाली. "तिला पहिल्या दिवसापासून बघू द्या. हलू नका आता."