लाल गाडीचा मालक

"साहेबांले विचारा लागन," हे आमच्या वॉर्डातल्या काकाजींचं सगळ्यावरचं उत्तर होतं. दाढ काढायची की भरायची, पोरीचं लग्न यंदा करायचं की पुढच्या वर्षी, काहीही विचारा; हा गृहस्थ हात मागे बांधून, मान जराशी खाली घालून साहेबांकडे बोट दाखवणार. आणि साहेब कुठे, तर कॅनडात.

साहेब तिरोडीच्या मँगनीज खाणीत ठेकेदार होते, आणि हे त्यांचे ड्रायव्हर. काम सुटल्यावर साहेब मुलाकडे गेले. जाताना आपली लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्‌स कार यांच्या हवाली केली आणि "येतो" म्हणाले. गाडी बालाघाटला, आमच्या वॉर्डातल्या बंद राइस मिलच्या शेडमध्ये उभी राहिली. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू व्हायचं, पुसणं-घासणं व्हायचं, पण गाडी शेडबाहेर पडायची नाही. पोरं मागं लागायची, "काकाजी, एक चक्कर तो बनता है." त्यावर हे म्हणायचे, "गाडी काय माह्या बापाची हाय का?"

आता माझा गाढवपणा सांगतो. माझं दुकान ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. एकदा इंटरनेटवर मला दिसलं की या कंपनीच्या गाड्या बाळगणाऱ्यांचा देशभराचा एक क्लब आहे. मी सहज त्यांना सांगितलं.

"काय करतात थे लोक तिथं?"

"काही नाही, गाडीबद्दल बोलतात."

ते स्टुलावर बसलेच. साहजिक होतं म्हणा. अख्ख्या बालाघाटात त्या गाडीबद्दल बोलायला त्यांना कोण होतं? आम्ही सगळे एकच प्रश्न विचारायचो, मायलेज किती देते.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव आरसी बुकावरून टाकलं, म्हणजे साहेबांचं. फोटो मागितला तेव्हा त्यांनी खिशातून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढून दिला, तो मी चढवला. दिवसभर फॉर्म भरणारा माणूस नाव आणि चेहरा एकाच माणसाचा आहे का, हे कुठे बघतो? महिन्याभरानं कार्ड आलं. त्यावर नाव साहेबांचं आणि खाली बटबटीत डोळ्यांनी बघणारे हे!

मी ओशाळून म्हटलं, "काकाजी, चुकलं. दुरुस्त करून घेतो."

त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "राहू द्या. नाव बी बरोबर हाय, फोटो बी बरोबर हाय."

तुम्हाला काही कळलं का? मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई विचारायच्या, गाडी तापली की कार्बोरेटर का रुसतो. हे माझ्या दुकानात उभं राहून उत्तर सांगायचे, मी टाइप करायचो आणि खाली नाव साहेबांचं. क्लबात साहेबांचा दरारा वाढत गेला. अडलेली गाडी असली की लोक म्हणायचे, बालाघाटवाल्या साहेबांना विचारा. हे ऐकून त्यांचे कान लाल व्हायचे.

एक दिवस क्लबाचं पत्र आलं. गोंदियाहून राजेगावमार्गे कान्हाच्या जंगलाकडे जाताना काही सभासद साहेबांना भेटायला थांबणार होते. खोट्या फोटोचा फॉर्म मीच भरलेला. मी काकाजींना म्हटलं, "कोट घाला आणि साहेब म्हणून उभे राहा. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"काहून?"

"अहो, नाहीतर सभासदत्व जाईल. मग बोलाल कुणाशी?"

ते शेडची किल्ली घेऊन निघून गेले.

नऊ गाड्या आल्या. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर त्यांची पोटं खरवडत होती आणि सगळा वॉर्ड गच्चीवर चढला होता. हे शेडच्या दारात उभे, अंगात ड्रायव्हरचा पांढरा गणवेश. कडक इस्त्री. अध्यक्षांनी साहेबांचं नाव घेऊन हात पुढे केला.

"साहब बाहर हैं. मैं उनका ड्राइवर."

अध्यक्षांनी मोबाइलमध्ये पाहिलं. "पर फोटो तो आपका है?"

"फोटो मेरा है. गाड़ी उनकी."

मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ते नंतर बघू. माझी गाडी आताही तापलीय. बघता का?"

पुढचे दोन तास नऊ बॉनेटं उघडी होती आणि हे एकातून दुसऱ्यात वाकत होते. निघताना सगळ्यांनी त्यांच्याशी हात मिळवला. कार्ड कुणी परत मागितलं नाही. सगळे गेल्यावर मी चिडून विचारलं, इतकी वर्षं साहेबांच्या नावानं लिहिलंत, मग आजच काय झालं होतं?

"कागदावर साहेब बोलतात, भाऊ. समोर मी हावो."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच क्षणी पायाही पडावंसं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. बातमी कळून साहेबांचा मुलगा आला. मी म्हटलं, साहेबांना आता तरी येता आलं असतं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मीच यांना फोन केला होता."

मी बोटांवर वर्षं मोजली. क्लबाचा फॉर्म मी भरला होता त्याच्याही आधीची गोष्ट.

"आणि गाडी यांचीच आहे," मुलगा म्हणाला. "बाबांनी आजारपणातच सही करून कागद पाठवले होते. यांनी फक्त स्वतःचं नाव लिहून ते आरटीओत जमा करायचे होते."

काकाजींच्या बायकोनं आतून जाड पाकीट आणून दिलं. "मले म्हणत, याच्यावर माहं नाव लिवलं का साहेब सरले."

कागद काढला. साहेबांची सही जागच्या जागी होती. नव्या मालकाच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेलं यांचं नाव अंधुक दिसत होतं, रबरानं खोडलेलं. पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. किती वेळा, ते सांगता येईना, कारण कागद तिथे पार विरला होता.