ठाण्यात बोललेला एक शब्द

मी चौथी पास. रेल्वेच्या कारखान्यात जन्म गेला आणि लखनौतच म्हातारा झालो. बायको गेल्यावर जानकीपुरमच्या घरात मी आणि नात. मुलगा-सून बदलीने नागपूरला. तिची नोकरी इथं महानगर भागात, म्हणून ती माझ्यापाशी राहिली. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. तेवढी सोबत मला पुरायची.

होळीनंतर एक मुलगा स्कूटरवरून तिच्या मागे लागला. ऑफिसपासून थेट आमच्या गल्लीपर्यंत. हात लावत नसे, बोलत नसे, नुसता मागे. माझा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, हे थांबलं नाही तर मी तिला इकडे घेऊन येतो."

"मी बसलोय ना इथं," म्हटलं आणि नातीला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

"आजोबा, मैं बोलूँगी ना."

"तू गप. घरात मोठा मी आहे."

दरोग्याला, म्हणजे इथल्या फौजदाराला, सांगितलं, "साहब, एक लड़का रोज मेरी पोती का छल करता है."

त्याने पेन खाली ठेवलं. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा, शादी का वादा करके मुकर गया?"

"वादा कैसा? रोज छल करता है, रोज!"

मागचा शिपाई हसला. "चाचा, रोज-रोज कोई कैसे ठगा जाता है?"

नातीचे कान लाल झाले. "सर, मराठी में छळ मतलब सताना. वो मेरा पीछा करता है." मग माझ्याकडे न बघता, मराठीत, "आजोबा, आता मी बोलते."

कारखान्यात मी जन्मभर हिंदी बोललो, पण ती पाना-स्क्रूची हिंदी. रागात तोंडात घरचाच शब्द आला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ फसवणूक होतो, हे मला कोणी सांगितलं होतं?

त्या पोराला पकडलं. संध्याकाळी सोडलं. दरोगा म्हणाला, "पहली बार है चाचा, जमानत थाने से ही मिल जाती है. कानून है." दुसऱ्या दिवशी तो पोरगा गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर उभा. मला म्हणतो, "दादाजी, नमस्ते."

पहिल्यांदा म्हणजे काय? पकडला पहिल्यांदा. मागे तर कधीचा होता.

माझा मुलगा नागपूरहून आला आणि तिला घेऊन गेला. जायला तो हवा होता, गेली ती. मी स्टेशनवर गेलो नाही.

कॉलनीतल्या एक वकीलबाई हा कायदा बदलावा म्हणून सभा घेतात. पहिल्या वेळीही जामीन कोर्टानेच द्यावा, आणि मुलीच्या वाटेला फिरकायचं नाही ही अट घालून, असं त्यांचं म्हणणं. मी जातो. पुढच्या खुर्चीत बसतो.

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, दिवाली में आऊँ?"

"नको. आधी कायदा होऊ दे."

"तब तक अकेले रहोगे?"

"राहीन की."

मग सभेनंतर वकीलबाईंना विचारलं, कायदा बदलायला साधारण किती दिवस लागतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाचाजी, चाय पिएँगे?"