भागीबाईंची माळ आणि मुशीचं तेल

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत. मुरबाडला मी कंपाउंडर होतो तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. क्विनीन मिळायची मारामार, पण मुशीच्या, म्हणजे त्या दातवाल्या दांडग्या माशाच्या, यकृताचं तेल मात्र खोकी भरभरून आलं. आमच्या डॉक्टरांना त्याचं वेडच लागलं. सर्दीवाल्यालाही ते सांगायचे, "ह्यात व्हिटॅमिन आहे, व्हिटॅमिन!" वास असा, की बूच काढलं रे काढलं की बाकावरचे निम्मे पेशंट आपोआप बरे होऊन घरी जात!

*

बाजाराच्या दिवशी डॉक्टर आणि मी औषधं घेऊन धसईला जायचो. तिथे एकदा भागीबाई आपल्या नव्या सुनेला, चंद्रीला घेऊन आल्या.

"दिवं लागलं का हिला दिसत नाय. परवा अख्खी पेज चुलीत वतली! कामचुकार हाय, दुसरं काय नाय. दिवाळीपत्तुर बरी करा, नायतर म्हायेरी धाडते."

चंद्री मान खाली घालून मुळुमुळु रडत होती. मला पोरीची फार दया आली. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "कामचुकार नाही, रातांधळं आहे. हे तेल रोज द्या."

भागीबाईंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली टेबलावर आपटली.

"मासा? माज्या घरात? माळकरीन हाय मी!"

त्यांनी माळ घातल्यापासून घरात मासळी बंद होती. मुलगा बाजूला उभा होता, पण त्या घरात बोलायचं काम भागीबाईंकडेच असायचं. बाटली तिथेच राहिली आणि सून रडत घरी गेली.

*

डॉक्टर इरेला पेटले. पुढच्या बाजारी ते सगळ्यांसमोर दोन चमचे तेल घटाघटा प्यायले.

"बघा! मीसुद्धा घेतो. रोज घेतो!"

मग एकेक जण हळूच माझ्याकडे येऊन विचारू लागला, "दाक्तरांना काय झालंय वो? लई दिसांचं दुखनं हाय का?"

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांसाठी एक कोंबडी, दोन भोपळे आणि अंगारा जमा झाला. कोंबडी आम्ही दोघांनी खाल्ली. अंगारा डॉक्टरांनी मुकाट्याने लावून घेतला, नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटलं असतं.

*

एक बाटली मात्र खपली. पाटलांनी ती आपल्या अशक्त नातवासाठी नेली. आता आमच्याकडे नवा तांदूळसुद्धा गावदेवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही, मग हे तर सरकारी तेल! बाटली देवापुढे ठेवली, नारळ फुटला आणि अख्ख्या गावाला बोटबोट तेल वाटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "अहो, पण नातवाला किती दिलंत?"

"दिलं की! एक बोट. देवाचं हाय, त्याला येगळं कसं देनार?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. माझं डोकं मात्र चालू लागलं.

*

मी दुसरी बाटली घेतली, गावदेवापुढे ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि थेट भागीबाईंच्या अंगणात गेलो.

"भागीबाई, गावदेवाचा प्रसाद आणलाय. सुनेसाठी."

भागीबाईंनी बाटलीकडे पाहिलं, हळदकुंकवाकडे पाहिलं.

"परसादाला नाय कसं म्हनू? पन घरात नको. गोठ्यात घे गो, चंद्रे. गोठ्यानं काय माळ घातली नाय!"

डॉक्टर माझ्यावर भडकले. "हे शास्त्र आहे की जत्रा?"

"साहेब, तेल पोटात जातंय ना?" मी म्हणालो.

*

दिवाळी तोंडावर आली आणि दोघी पुन्हा आल्या. भागीबाई पुढे होऊन म्हणाल्या, "दाक्तर, तेल बंद करा."

"का? फरक नाही पडला? अजून दिसत नाही?"

"दिसतं!" भागीबाई फणकारल्या.

डॉक्टर चंद्रीकडे वळले. "काय गं, काय काय दिसतं?"

पोरीने पहिल्यांदाच मान वर केली. "काल दिवं लागायच्या येळंला तेल घ्याया गोठ्यात गेलते. मागल्या अंगाला जाळ दिसला. आत्याबाय बोंबील भाजत व्हत्या."

मी घाईघाईने बाटल्या पुसायला घेतल्या. डॉक्टरांनी मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला.

"पण वास नाही आला कधी?"

"वास तं रोजच यायचा. आत्याबाय म्हनायच्या, शेजारी भाजतात."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "मग काय भागीबाई, हिला माहेरी कधी धाडताय?"

भागीबाईंनी गळ्यातली माळ पदराआड सारली.

"म्हायेरी? आन तिथं जाऊन ही काय काय सांगंल! माज्याजवळच ऱ्हाऊ दे तिला. पन तेल बंद करा दाक्तर, पोरीला दिसायचं तेवढं दिसलं!"